बोटांच्या भेगा

डिसेंबरातली सकाळ होती. आमच्या नाशिक जिल्ह्यात, त्यातही निफाडच्या बाजूला, थंडी पडते ती हाडे गोठवणारी. सकाळच्या शाळेत मुले स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून बसतात. सहावीच्या वर्गात मी उर्दूचा इमला घेत होते. एक मुलगी, जिचे अक्षर मी इतरांना दाखवते, तिने चार ओळी लिहून पेन खाली ठेवले. मी दोनदा टोकले. तिसऱ्यांदा आवाज चढवला आणि वही मागून घेतली. पानावर तांबडे डाग होते. मला वाटले, लाल शाई सांडली.

"टीचर, बोट फाटलंय," ती हळूच म्हणाली आणि हात ओढणीखाली लपवले.

मी हात पाहिले. दोन्ही अंगठे आणि त्यांच्या शेजारची बोटे टोकाला चिरलेली. एका भेगेतून रक्त येत होते. ती काही न बोलता लिहीत होती आणि मी तिला रागावत होते. खरे सांगायचे तर त्या दिवशी माझ्याही दोन बोटांना चिकटपट्टी होती. मी दोष खडूला देत होते. आपल्या बोटाची भेग आपल्याला ठणकते, समोरच्याची दिसतसुद्धा नाही!

विचारले तेव्हा कळले की शाळा सुटल्यावर ती आईबरोबर लसूण सोलते. हॉटेलवाले पोते आणून टाकतात, किलोवर पैसे देतात. पाकळ्या पाण्यात भिजवायच्या आणि नखाने साल काढायची. आईची बोटे तर तिच्याहून वाईट. पुढच्या आठवड्यात आम्ही तिघी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलो. मला वाटले, ते मलम लिहून देतील. त्यांनी आधी विचारले, "दिवसभरात तुमचे हात कशाकशात जातात?"

त्या एका प्रश्नाने मला हा लेख लिहायला लावला. भेग भरणे अवघड नाही. पण ती रोज उघडणारे कारण सापडले नाही, तर कितीही मलम लावा, आठ दिवसांत पुन्हा तेच.

भेग पडते कशी?

तळहातावर आणि बोटांच्या टोकांवर तेल तयार करणाऱ्या ग्रंथी नसतात. घामाच्या असतात, तेलाच्या नाहीत. शिवाय इथली कातडी अंगावरच्या इतर कातडीपेक्षा जाड असते. ओलावा आहे तोपर्यंत ती लवचिक राहते. ओलावा गेला की उन्हाळ्यातल्या तळ्याच्या मातीसारखी ताठर होते आणि बोट वाकवताच तडकते. टोकाला संवेदना सर्वांत जास्त, म्हणून केसाएवढी भेगही डोळ्यांत पाणी आणते.

आता एक गंमत पाहा. हात सुकवणाऱ्या गोष्टींत पाणीच पुढे आहे. हात ओले होतात, सुकतात, पुन्हा ओले होतात. प्रत्येक वेळी कातडीतला नैसर्गिक स्निग्धांश थोडा धुऊन जातो. साबण, भांड्यांची वडी आणि कपड्यांची पावडर हे काम वेगाने करतात. कढत पाणी तर आणखी वेगाने. थंडीत हवा कोरडी असते, म्हणून जे पावसाळ्यात निभावते ते डिसेंबर-जानेवारीत अंगाशी येते.

आपला चोर ओळखा

कागद घ्या आणि एका दिवसाचा हिशेब लिहा. भांडी किती वेळा? फरशी पुसताना फिनेल, संडास धुताना अ‍ॅसिड हाताला लागते का? खडू, सिमेंट, केस रंगवण्याची पावडर, सॅनिटायझर? मग बोटांकडे पाहा. बोटे पुष्कळदा स्वतःच पत्ता सांगतात.

लसणाचेच घ्या. सुरीने लसूण चिरणारी व्यक्ती उजवी असेल तर पाकळी डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि पुढच्या दोन बोटांत धरते. भेगा नेमक्या त्याच तीन बोटांना पडत असतील तर संशय लसणावर घ्यावा. नखाने सोलणाऱ्यांच्या मात्र दोन्ही हातांना पडतात. लसणातल्या तिखट द्रव्याची काहींना अ‍ॅलर्जीही होते. मग थोडा लसूणही पुरतो, आणि पातळ हातमोज्यातून त्याचा अंश आत झिरपू शकतो. अशांनी लसूण सोलणेच सोडावे लागते.

माझा हिशेब निघाला तो असा: खडूची धूळ, तो हात धुवायला दर तासाला साबण, घरी दोन वेळची भांडी. खडू एकटा गुन्हेगार नव्हता.

रात्रीचा उपाय

डॉक्टरांनी सांगितलेला आणि मी स्वतः करून पाहिलेला उपाय साधा आहे.

निजण्यापूर्वी कोमट पाण्यात हात पाचेक मिनिटे बुडवा. साबण नको. मऊ कपड्याने टिपून घ्या, घासू नका. कातडी किंचित ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली जाडसर लावा. ही जेली म्हणजेच आपली व्हॅसलिन. अमेरिकेत 1872 मध्ये तिचे पेटंट घेतले गेले, आणि आजही स्वस्तात याहून चांगली वस्तू क्वचितच मिळते. जेली स्वतः ओलावा देत नाही. आत असलेला ओलावा बाहेर जाऊ देत नाही. म्हणून सुक्या हाताला लावण्यात अर्धा फायदा वाया जातो. वरून सुती हातमोजे घाला. नसतील तर जुने, स्वच्छ सुती पायमोजे चालतात.

माझे माहेर रत्नागिरीकडचे. नानी कोकमाच्या बियांचे तेल ठेवायची. तिकडे त्याला मुठेल म्हणतात. ते थंडच नव्हे, साध्या हवेतही घट्ट गोळ्यासारखे राहते. नानी तुकडा वितळवून भेगेत भरायची. त्याचे काम जेलीसारखेच, भेगेवर स्निग्ध झाकण घालण्याचे. घरी असेल तर जरूर वापरा. मात्र वितळवल्यावर कोमट होऊ द्या. कढत थेंब भेगेत पडला तर फोड यायचा.

कातडी जाड आणि खरखरीत झाली असेल तर युरिया असलेले क्रीम मिळते. ते कातडी मऊ करते, पण उघड्या भेगेत झोंबते. म्हणून आधी भेग मिटू द्या, मग ते वापरा.

दिवसा काय करायचे?

भेग उघडी ठेवून काम करू नये. मेडिकलमध्ये कागदी चिकटपट्टी मिळते. जेलीचे बोट लावून वर ती गुंडाळा. भेगेच्या कडा जवळ राहिल्या की ठणका कमी होतो आणि भेग लवकर मिटते. पट्टी ओली झाली की बदला. फार आवळू नका. बोटाचे टोक निळसर दिसले तर लगेच सोडा.

भांडी घासताना रबरी हातमोजे घाला, आतून सुती अस्तर असलेले असतील तर उत्तम. ते तासभर चढवून ठेवू नका, आत घाम साचतो आणि कातडी पुन्हा नरम होऊन फाटते. पंधरा-वीस मिनिटांचे काम झाले की काढा आणि उलटे वाळत घाला. हात धुवायला कढत नव्हे, कोमट पाणी घ्या. प्रत्येक वेळी हात पुसल्यावर दोन मिनिटांच्या आत क्रीम लावा. एक डबी ओट्यापाशी आणि एक न्हाणीपाशी ठेवा. डबी कपाटात असली की लावणे होत नाही, हा माझा अनुभव. वर्गातले फळे मी आता ओल्या कपड्याने पुसते, धूळ कमी उडते.

वुजूचे काय?

एका भगिनीने मला विचारले, "दिवसातून पाच वेळा वुजू, मग हात बरे कसे व्हायचे?" वुजूत साबण नसतो. त्रास होतो तो हात ओले ठेवून वाऱ्यावर सुकवल्याने. पाणी कोमट घ्या, वुजू होताच बोटांच्या मधल्या जागांसकट हात टिपा आणि लगेच क्रीम लावा. मग पाच वेळचा वुजू ही क्रीम लावण्याची पाच वेळची आठवण होऊन जाते.

दुसरी शंका क्रीमची. कातडीत मुरलेले तेल किंवा क्रीम पाण्याला अडवत नाही. पण मेण किंवा जेलीचा जाड थर असेल तर वुजूआधी तो पुसून घ्यावा. जखमेला पाण्याने इजा होत असेल किंवा पट्टी बांधलेली असेल तर शरीयतने मसहची सवलत दिली आहे. त्याचे तपशील हनफी आणि शाफई मसलकात थोडे वेगळे आहेत. माझ्या माहेरी शाफई, सासरी हनफी, म्हणून हे मला नीट माहीत आहे. आपापल्या आलिमांना विचारून घ्या. पण सवलत आहे हे ठाऊक असूनही भेगेवर बर्फासारखे पाणी ओतून स्वतःला त्रास करून घेऊ नका.

हे लावू नका

लिंबू, टूथपेस्ट, रॉकेल, चुना यांपैकी काहीही भेगेत भरू नये. स्पिरिट आणि सॅनिटायझर कातडी आणखी सुकवतात. मेंदीने भेगा भरतात असे आपल्याकडे मानतात, पण फाटलेल्या बोटाला ती कोरडेपणाच देते. बाजारातली काळी मेंदी तर मुळीच नको. तिच्यात केस रंगवण्याचे रसायन घातलेले असते आणि त्याने फोड येऊ शकतात. चपला चिकटवायचा गोंद काही जण भेगेत भरतात, तोही टाळा.

आणखी एक धोका मेडिकलच्या काउंटरवर असतो. "खाज, बुरशी, सगळ्याला चालते," असे सांगून एक ट्यूब हातात ठेवली जाते. अशा मिश्र मलमांत बहुधा स्टिरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते, पण बुरशी असली तर ती दबून वाढत राहते आणि दीर्घकाळ लावल्यास कातडी पातळ होते. स्टिरॉइड वाईट औषध नाही, इसबात डॉक्टर तेच देतात. पण कोणते, किती दिवस, हे त्यांनी ठरवायचे आहे.

डॉक्टरांकडे केव्हा?

भेगेत पू झाला, लाली पसरू लागली, बोट सुजले किंवा ताप आला तर वाट पाहू नका. मधुमेह असेल तर लहान भेगही डॉक्टरांना दाखवा. साखर वाढलेली असताना जखम हळू भरते आणि संसर्ग लवकर धरतो. दोन-तीन आठवडे नीट काळजी घेऊनही फरक नसेल, खाज आणि पाण्याचे बारीक फोड असतील, एकाच हाताची साल निघत असेल, तर हे इसब, सोरायसिस किंवा बुरशी असू शकते. थंडीत बोटे आधी पांढरी आणि मग निळी पडत असतील तर तेही सांगा.

हाताला सुट्टी कोण देणार?

सगळे उपाय सांगून डॉक्टर शेवटी त्या मुलीच्या आईला म्हणाले, "पंधरा दिवस हात पाण्यात आणि लसणात घालू नका." ती नुसती हसली. त्या हसण्याचा अर्थ मला कळला. घरात पाच माणसे, भांडी कोण घासणार? पोत्याचे पैसे कोण देणार?

मलमाची डबी चाळीस-पन्नास रुपयांत येते. विश्रांती मात्र कुठल्याच मेडिकलमध्ये मिळत नाही, ती घरातल्या माणसांनीच द्यावी लागते. मी तिच्या वडिलांना शाळेत बोलावले. ते हमाली करतात, कमी बोलणारे गृहस्थ. मुलीची वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली. बराच वेळ ते त्या डागांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "टीचर, मला वाटायचं थंडीचं आहे."

त्या पंधरा दिवसांत भांडी मोठ्या भावाने घासली. लसणाचे पोते बंद करणे त्यांना परवडणारे नव्हते, म्हणून ते काम वडिलांनी संध्याकाळी स्वतः, सुरीने, थोडे थोडे केले आणि मुलीला त्यातून सोडवले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिची बोटे मिटली, अल्हम्दुलिल्लाह. आईची अजून पूर्ण बरी नाहीत, कारण तिची सुट्टी लवकर संपली.

माझ्या घरी रात्रीची भांडी आता मुलगा आणि त्याचे अब्बा आळीपाळीने घासतात. पहिल्या आठवड्यात दोन बशा फुटल्या. मी काही बोलले नाही.

आज दस्तरखान उचलला की घरातल्या बायकांचे आणि मुलींचे हात एकदा उजेडात धरून पाहा. त्या स्वतःहून दाखवणार नाहीत.