साठवता न येणाऱ्या मालाचा भाव

हिंगणघाटच्या बाजार समितीत कापसाला मनासारखा भाव आला नाही, तर शेतकरी गाडी परत नेऊ शकतो. जिनिंगवाला गाठी गोदामात ठेवून तेजीची वाट पाहू शकतो. आपल्या पेढ्यांचे व्यवहारज्ञान पिढ्यानपिढ्या या थांबण्याच्या कलेवर उभे आहे. विजेच्या घाऊक बाजारात ही कला चालत नाही. घाटघरसारख्या उदंचन प्रकल्पांत किंवा बॅटऱ्यांत साठणारी वीज एकूण गरजेच्या मानाने अल्प. बाकीची ज्या क्षणी निर्माण होते, त्याच क्षणी खपावी लागते. ज्याचा परिग्रहच करता येत नाही, अशा मालाचे मोल ठरते तरी कसे?

2003 च्या विद्युत कायद्याने खुल्या व्यापाराची वाट मोकळी केली आणि 27 जून 2008 रोजी इंडियन एनर्जी एक्स्चेंज सुरू झाले. तेथे उद्याच्या विजेचा सौदा आज होतो. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 भाग पाडलेले असतात व प्रत्येक भागाचा भाव स्वतंत्र निघतो. बोली बंद असते. समजा, एका भागासाठी तीन विक्रेते प्रत्येकी 100 मेगावॅट देऊ करतात: पहिला 2 रुपये, दुसरा साडेतीन, तिसरा 6 रुपये युनिट दराने. या भावांना घेण्यास तयार असलेली मागणी 180 मेगावॅटची, पण 6 रुपये देण्यास कोणीच राजी नाही. मग पहिल्याची सगळी वीज विकली जाते, दुसऱ्याची 80 मेगावॅट, आणि तिसऱ्याची मुळीच नाही. भाव निघतो साडेतीन रुपये, आणि तो सर्वांना सारखा. दोन रुपये मागणाऱ्यालाही साडेतीनच मिळतात. आपल्या व्यापाऱ्याला हे नवल वाटेल. पण त्यामुळेच विक्रेता फुगवून न सांगता खऱ्या खर्चाजवळची बोली लावतो.

दुपारी सौरऊर्जा मुबलक असते, तेव्हा भाव उतरतो. सूर्य मावळला की पुरवठा आटतो, दिवे-पंखे चालूच राहतात आणि भाव चढतो. (सूर्यास्तापूर्वी चूल विझवणारी आपली घरे या चढ्या वेळेच्या मागणीत थोडी कमीच भर घालतात, असे म्हणायला हरकत नाही.) मार्च 2022 मध्ये भाव युनिटला 20 रुपयांपर्यंत गेला. तेव्हा केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने एप्रिलपासून 12 रुपयांची मर्यादा घातली. 2023 मध्ये ती 10 रुपयांवर आली. 1 जून 2020 पासून ऐनवेळच्या गरजेसाठी रिअल टाइम बाजारही चालतो.

भावाला तारांचीही मर्यादा असते. दक्षिणेची वीजव्यवस्था 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने देशाशी एककालिक जोडली गेली. त्याआधी उत्तरेकडे स्वस्त वीज असूनही ती दक्षिणेत पुरेशी पोहोचत नसे आणि तेथील भाव वेगळा, बहुधा चढा निघे. आपल्या वर्ध्याचे पॉवरग्रिडचे 765 किलोव्होल्टचे उपकेंद्र याच दृष्टीने मोलाचे: रायपूरकडून येणारी वीज येथे उतरते आणि येथून निजामाबाद-हैदराबादकडेही वाहिनी जाते.

आता मुद्दा आपल्या बिलाचा. वर्तमानपत्रात ‘वीज 3 रुपये’ वाचून कारखानदाराचा जीव सुखावतो. पण तो भाव एक्स्चेंजमधला आहे, दारातला नव्हे. त्यावर पारेषण आकार, वहन आकार, वाटेतील वीजहानी, क्रॉस सबसिडी अधिभार आणि कधी अतिरिक्त अधिभारही चढतो. ठरवलेल्या वेळापत्रकाबाहेर वीज ओढली, तर त्याचा हिशेब निराळा. शिवाय या बाजारात थेट खरेदी करण्यासाठी करारमागणी साधारणतः एक मेगावॅटच्या वर लागते. बारमाही भट्ट्या चालवणाऱ्या पोलाद कारखान्याला हे गणित जमू शकते. हंगामापुरती यंत्रे फिरवणाऱ्या जिनिंगला क्वचितच. जिनिंगवाल्याने आधी महावितरणच्या उच्चदाब बिलातील टीओडीचा रकाना उघडावा: कोणत्या तासाला सवलत आहे, कोणत्या तासाला जादा आकार, आणि रात्रपाळीतली किती यंत्रे दुपारी चालवता येतील.