ओसरीतला कॉम्प्युटर, आतला कॉम्प्युटर

मोहाडीसारख्या गावात घरातला पहिला कॉम्प्युटर हौसेने आला, दुसरा गरजेने. २००२-०३ च्या सुमारास आमच्याकडे ओसरीतल्या मशीनवर लग्नपत्रिका, पावतीबुकं आणि कोसा साड्यांच्या दुकानांची बिलं तयार व्हायची. आतल्या मशीनवर मुलांचा एमएस-सीआयटीचा सराव चाले आणि रात्री टायपिंग. प्रिंटर मात्र एकच, तोही ओसरीत. मधलं दहा पावलांचं अंतर फ्लॉपी घेऊन तुडवावं लागे. तिची ऐपत १.४४ एमबीची. गावच्या चौंडेश्वरी देवीचा नीट स्कॅन केलेला एक फोटोसुद्धा तिच्यात मावत नसे.

मग केबल ओढली. हबचा खर्च वाचवायचा तर क्रॉस केबल लागायची. एका टोकाला पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा अशी सुरुवात. दुसऱ्या टोकाला पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-नारिंगी. आठही तारा नखाने सरळ करून एका रेषेत कापायच्या, कनेक्टरच्या तोंडाशी पोचल्यात का ते उजेडाकडे धरून बघायचं आणि मगच क्रिम्पिंग टूल दाबायचं. कामाची एक तार जरी आखूड राहिली, तरी कार्डाचा हिरवा दिवा काही लागत नसे.

दिवा लागला तरी काम झालं असं नाही. एका मशीनवर एक्सपी होम, तिचा वर्कग्रुप एमएसहोम. दुसरीवर एक्सपी प्रोफेशनल, तिचा वर्कग्रुप नुसताच ‘वर्कग्रुप’. यादीत दोघी शेजारी दिसाव्यात म्हणून नावं सारखी करावी लागत. त्यात २००४ च्या ऑगस्टात सर्व्हिस पॅक २ आला आणि फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. शेअर केलेलं दिसेनासं झालं की कोणी तरी ती बंद करून टाकी, आणि त्यालाच दुरुस्ती म्हणण्याची तेव्हा पद्धत होती.

खरी गंमत फॉन्टची. फाइल सुखरूप यायची, मराठी मात्र वाटेतच राहायची. पत्रिका ज्या फॉन्टात जुळवली तो आतल्या मशीनवर नसला, की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि टिंबांचा काला दिसे. आतून हाक यायची, “भाऊ, पत्रिका काही बरोबर खुलून नाही राहिली.” उत्तर ठरलेलं, फॉन्टचं फोल्डरही शेअर करा. युनिकोड अंगवळणी पडेपर्यंत हे असंच चाललं.

शेअर म्हणजे तरी काय, पासवर्डाचा रकाना रिकामा आणि सगळ्यांना सगळी मुभा. दिवसा आमच्याकडे ओसरीचं दार उघडंच असतं, तसं. ज्या एसएमबी पद्धतीवर हे सगळं चालतं, ती आयबीएमच्या बॅरी फायगेनबॉम यांनी ऐंशीच्या दशकात बेतली. १९९२ मध्ये ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’मधून ती सामान्य ऑफिसांच्या टेबलांवर आली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने तीच भाषा युनिक्स मशीनला शिकवली. एस, एम, बी ही अक्षरं असलेला शब्द शब्दकोशातून शोधून त्याने नाव ठेवलं सांबा.

उघड्या दाराची किंमत जगाला मे २०१७ मध्ये कळली. एसएमबीच्या पहिल्या, जुनाट आवृत्तीतल्या भोकातून ‘वॉनाक्राय’ नावाचा घातक प्रोग्रॅम शिरला आणि दीडशेच्या आसपास देशांत फाइली कुलूपबंद करून खंडणी मागत सुटला. भोक बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण लावतो कोण! त्याच वर्षीच्या शरद ऋतूपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये ती जुनी आवृत्ती आपोआप चालू राहीनाशी झाली. मग एक्सपीवरचं फोल्डर नव्या लॅपटॉपला कुठून दिसणार? विंडोज ७ बरोबर २००९ मध्ये आलेला, एका पासवर्डात घर जोडणारा होमग्रुपही २०१८ मध्ये काढून टाकला. २०२४ पासून विंडोज ११ प्रो बिनपासवर्डाचा पाहुणा म्हणून दुसऱ्या मशीनच्या फोल्डरात आपणहून मुळी जातच नाही. कटकट वाढली हे खरं. पण हे आधीच व्हायला हवं होतं असं माझं मत आहे.

तोवर घराने वेगळीच वाट धरली होती. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि आतल्या खोलीतली पीडीएफ ओसरीत व्हॉट्सॲपने येऊ लागली. दहा पावलांसाठी फाइल सातासमुद्रापार जाऊन येते, त्याचं कुणाला काही वाटत नाही. छापणाऱ्याला वाटतं, कारण साडीचा फोटो फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि कोशाचा पोत छपाईत पिठासारखा दिसतो.

म्हणून आमचं फोल्डर अजून आहे. जुन्या मशीनवर लिनक्स आणि सांबा, प्रत्येकाचं नाव-पासवर्ड वेगळं. फोनमधल्या फाइल ॲपमधूनही ते उघडतं. अलीकडे फोल्डर दिसेनासं झालं की मी पहिल्यांदा राउटर मोजतो. रेंज मागच्या खोलीपर्यंत जावी म्हणून कोणी दुसरा राउटर आणतं आणि केबल त्याच्या वॅन पोर्टात खोचतं. पुढच्या राउटरचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात, मागच्याचे १९२.१६८.० ने, एका छपराखाली दोन घरं होतात आणि पुढच्यांना मागचं मशीन काही दिसत नाही. दुसऱ्या राउटरचा पत्ता पहिल्याच्या रांगेतला, पण कुणाला न दिलेला ठेवायचा, पत्ते वाटणारं त्याचं डीएचसीपी बंद करायचं आणि केबल लॅन पोर्टात लावायची. एवढं केलं की पत्रिका पुन्हा ओसरीत छापता येते.