अडलेलं गणित कसं विचारावं

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला भेटणारं एक उदाहरण घेऊ. भरीव गोळा ३० अंशांच्या उतारावरून न घसरता गडगडत येतो. त्याचं त्वरण किती? पुष्कळ जण ९.८ चं निम्मं करून ४.९ मीटर प्रति सेकंद वर्ग लिहितात. पुस्तकामागचं उत्तर असतं ३.५. आता मैत्रिणीची वही उतरवून घेतली तर आकडा जुळेल, पण चूक मनात तशीच राहील. म्हणून मदत मागताना आपली आकृती आणि मांडलेली समीकरणं, चुकलेली असली तरी, पुढे ठेवावीत. जाणकार माणूस ती बघून एकच विचारतो : ‘गोळ्याला फिरवतंय कोण?’

गुरुत्वबल केंद्रातून जातं, त्यामुळे केंद्राभोवती त्याचा टॉर्क शून्य. पृष्ठभागाच्या लंब बलाचंही तेच. उरतं घर्षण. ते उताराच्या वरच्या दिशेने लागतं आणि नेमकं तेच आकृतीत राहून गेलेलं असतं! ते धरलं की ४.९ चे पाच-सप्तमांश, म्हणजे ३.५ मिळतात. असा प्रश्न मला तयार उत्तरापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

मग वही मिटून, एकट्याने, गोळ्याऐवजी पातळ कडं घेऊन बघावं. तिथे २.४५ यायला हवेत.