खर्जाची राखण : बास गिटारसाठी घरी केलेले पेडल आणि प्रिअँप

पेढीवर मुनीमजी नेमके काय करतात, हे गिऱ्हाइकाला सहसा ठाऊक नसते. ते एक दिवस आले नाहीत, की मात्र सर्वांनाच कळते. वाद्यवृंदात बास गिटारचे स्थान असेच आहे. गायकाचा सूर, व्हायोलिनचे तुकडे, गिटारच्या ताना श्रोत्यांच्या स्मरणात राहतात. या सर्वांखाली पसरलेला खर्ज मात्र बंद पडल्यावरच जाणवतो. राहुलदेव बर्मन यांची गाणी आपण वर्षानुवर्षे गुणगुणत आलो. परंतु त्यांच्या वाद्यवृंदात बास गिटार वाजविणाऱ्या टोनी वाझ यांचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

आता आपल्या घरांतील तरुण मुलेमुलीही हे वाद्य हाती घेऊ लागली आहेत. वाद्य घेऊन झाले की काही महिन्यांतच ‘पेडल हवे’, ‘प्रिअँप हवा’ अशा मागण्या सुरू होतात, आणि वडीलधाऱ्यांना हा खर्च कशासाठी ते उमगत नाही. पेडल म्हणजे पायाशी ठेवायची धातूची लहान पेटी. वाद्यातून निघालेला विजेचा क्षीण संदेश तिच्यातून जाताना आपले रूप बदलतो: कधी तो जाड होतो, कधी घोगरा, कधी थरथरता. प्रिअँपचे काम याहून मूलभूत आहे. क्षीण संदेशाला बळ देऊन पुढच्या यंत्राच्या स्वाधीन करणे, एवढेच तो करतो. या दोन्ही वस्तू घरी करता येतात. त्या का कराव्यात आणि कशा कराव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोषातून जन्मलेला आवाज

लिओ फेंडर यांनी १९५१ साली अमेरिकेत ‘प्रिसिजन बास’ हे वाद्य बाजारात आणले. तोवर खर्जाचे काम माणसाएवढ्या उंचीच्या डबल बासकडे असे. नव्या वाद्याच्या चार तारांचे मूळ स्वर सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्‌झ एवढे खोल आहेत. साध्या गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्‌झवर वाजते. म्हणजे बास गिटार तिच्याहून एक सप्तक खाली बोलते. हा फरक ध्यानात ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्यावरच उभे आहे.

फाटक्या, घोगऱ्या स्वराची, म्हणजे ज्याला ‘फझ’ म्हणतात त्याची, एक प्रसिद्ध सुरुवात बासवरच झाली, हे अनेकांना ठाऊक नसते. मार्टी रॉबिन्स यांचे ‘डोन्ट वरी’ हे गीत १९६१ साली प्रसिद्ध झाले. नॅशव्हिल येथे त्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना ग्रेडी मार्टिन सहा तारांच्या बासवर एक तुकडा वाजवीत होते. ध्वनिमुद्रणाच्या मेजातील एका वाहिनीचा ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि तो तुकडा विलक्षण घोगरा उमटला. तो तसाच ठेवण्यात आला. पुढे ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी रेव्हिस हॉब्ज यांच्या साहाय्याने तोच परिणाम ट्रान्झिस्टरच्या मंडलातून साधला आणि गिब्सन कंपनीने १९६२ साली ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ या नावाने ती पेटी विक्रीस काढली. आरंभी तिला उठाव नव्हता. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतात तिचा आवाज गाजला आणि मागणी एकाएकी वाढली. त्याच वर्षी बीटल्सच्या ‘थिंक फॉर युवरसेल्फ’ या गीतात पॉल मॅकार्टनी यांनी फझ लावून बास वाजविला.

पुढे मात्र अशा पेट्यांची मोठी बाजारपेठ गिटारवादकांची ठरली आणि बहुतेक मंडले त्यांच्या कानाने जुळविली गेली. बासवादकाची अडचण तेथे सुरू होते. गिटारसाठी केलेली पेटी त्याने लावली की घोगरेपणा येतो, परंतु खालचा पाया हलतो.

खर्चाचा ताळेबंद

माझा पुतण्या महाविद्यालयात शिकतो आणि बास वाजवितो. त्याने पेडलसाठी पैसे मागितले, तेव्हा माझ्या थोरल्या बंधूंनी दुकानाच्या रिवाजाप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, “आत माल काय आहे?” उत्तर कोणापाशीच नव्हते. मग आम्ही काका-पुतण्यांनी मिळून हा विषय समजून घेतला, लागणाऱ्या भागांची यादी केली आणि प्रत्येकापुढे भाव मांडला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील पासोड्या विठोबाजवळची बाजारपेठ येथे यांतील बहुतेक भाग सुटे मिळतात.

यादी पाहून पुतण्या म्हणाला, “काका, सगळा पैसा तर डब्यातच गेला!” त्याचे निरीक्षण खरे होते. प्रत्यक्ष आवाज घडविणारे रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड आणि आयसी हे यादीतील सर्वांत स्वस्त भाग. पैसे लागतात ते ॲल्युमिनियमच्या ओतीव डब्याला, पायाने दाबायच्या मजबूत स्विचला आणि चांगल्या जॅकना. त्याखेरीज सोल्डरिंगची इस्त्री, मल्टिमीटर, पकड, कटर, ड्रिल ही हत्यारे घ्यावी लागतात. तो भांडवली खर्च पहिल्याच पेटीवर टाकला, तर ती विकतच्या पेटीहून स्वस्त पडेलच असे नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पेटीपासून हिशेब बदलतो. म्हणून केवळ बचतीच्या आशेने या उद्योगात पडू नये, असे माझे मत आहे. खरा लाभ निराळा आहे. खर्ज नेमका कोणत्या भागापाशी गळतो हे कळते, आणि जे कळते ते दुरुस्त करता येते.

आधी प्रिअँप

बासच्या तारांखाली चुंबक असतात आणि त्यांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार हलली की त्यांत क्षीण वीज निर्माण होते. या संदेशावर पुढच्या यंत्राचा भार पडला, तर त्याची धार जाते आणि वरचे स्वर आधी मंदावतात. म्हणून प्रिअँपच्या प्रवेशद्वाराचा अवरोध मोठा, साधारण एक मेगाओहम, ठेवतात. डबल बासवर लावलेल्या पिझो पिकअपसाठी तो दहा मेगाओहमपर्यंत नेतात.

नवशिक्याला ‘टीएल०७२’ हा आठ पायांचा आयसी सोयीचा. त्यात दोन वर्धक असतात. वर्धन किती हवे, हे दोन रेझिस्टरच्या गुणोत्तराने ठरते: पहिल्याला दुसऱ्याने भागून त्यात एक मिळवावा. दोन्ही दहा किलोओहमचे असतील तर संदेश दुप्पट होतो, म्हणजे सहा डेसिबलने वाढतो. स्वर वर आणि खाली असा दोन्ही बाजूंना हेलकावतो, बॅटरी मात्र नऊ व्होल्ट एकाच दिशेने देते. म्हणून दोन समान रेझिस्टरनी तिची विभागणी करून साडेचार व्होल्टची मधली पातळी तयार करतात आणि स्वराला तिच्याभोवती हलू देतात.

ही कल्पना वाद्याच्या पोटातही बसविता येते. म्युझिक मॅन कंपनीच्या १९७६ सालच्या ‘स्टिंगरे’ बासमध्ये बॅटरीवर चालणारा प्रिअँप आतच होता.

खर्ज कोठे गळतो?

मंडलात एका टप्प्यातून दुसऱ्यात स्वर नेताना मध्ये कपॅसिटर ठेवतात. तो बॅटरीची स्थिर वीज अडवितो आणि स्वराची हलती वीज पुढे सोडतो. मात्र तो लहान असेल तर खोल स्वरांनाही अडवितो. ही सीमा काढण्याचे सूत्र सोपे आहे: एकाला दोन पाय गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटर याने भागावे. ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एक मेगाओहमबरोबर असेल तर सीमा सुमारे १६ हर्ट्‌झवर येते. बासला कसलाच धोका नाही. तोच कपॅसिटर शंभर किलोओहमबरोबर ठेवला की सीमा १५९ हर्ट्‌झवर चढते आणि मोकळ्या चारही तारांचे मूळ स्वर दुबळे होतात.

गिटारवादकांत लोकप्रिय असलेले, १९७९ सालचे आयबानेझचे ‘ट्यूब स्क्रीमर’ हे उत्तम उदाहरण ठरावे. त्याच्या वर्धकात ४.७ किलोओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड ही जोडी आहे. सूत्रात घातल्यास ७२० हर्ट्‌झ येतात. त्याखालील स्वरांना वर्धन कमी कमी मिळत जाते. गिटारला ते शोभते, बासला पोकळ करते. त्याच मंडलाची घरी बांधणी करताना त्या जागी एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसविला, तर सीमा ३४ हर्ट्‌झवर उतरते. संपूर्ण मंडलात बदल एकच, आणि तोही अल्प किमतीच्या भागाचा.

तथापि संपूर्ण खर्ज घोगरा केला तर स्वर चिखलासारखा होतो. यावर उपाय असा की मूळ स्वच्छ स्वराचा एक प्रवाह वेगळा काढून शेवटी घोगऱ्या स्वरात मिसळावा आणि दोहोंचे प्रमाण ठरविण्यासाठी एक बटण द्यावे. टीएल०७२ मधील दुसरा वर्धक येथे कामी येतो. मात्र एक पथ्य पाळावे. काही मंडले स्वराला उलटा करून बाहेर टाकतात. उलटा आणि सुलटा स्वर एकत्र आले की जमा-नावे समान झाल्यासारखे एकमेकांना खोडतात, आणि नेमका खर्जच नाहीसा होतो. असे असल्यास एका वाटेवर स्वर पुन्हा उलटविणारा टप्पा घालावा.

घोगरेपणाचे काम डायोड करतात. सिलिकॉनचा ‘१एन४१४८’ साधारण ०.६ व्होल्टवर स्वराचे माथे छाटू लागतो. तांबडा एलईडी त्याहून बऱ्याच उंच पातळीवर छाटतो, त्यामुळे त्याचा स्वर अधिक मोकळा राहतो. छाटणीतून मूळ स्वराच्या पटीतील वरचे स्वर निर्माण होतात. याचा एक अनपेक्षित लाभ आहे. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ४१ हर्ट्‌झ जवळजवळ निघतच नाहीत. परंतु ८२, १२३ असे पटीतील स्वर कानी पडले की मेंदू त्यांखालचा मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतो. थोडा घोगरा केलेला बास लहान स्पीकरवरही ओळखू येतो तो यामुळे.

बांधणीचा क्रम

प्रथम संपूर्ण मंडल ब्रेडबोर्डवर, सोल्डर न लावता, जुळवावे आणि वाजवून पाहावे. आवाज पसंत पडल्यावर ते वेरोबोर्डवर उतरवावे. बॅटरी जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने शॉर्ट नाही याची खात्री करावी. जोडल्यावर टीएल०७२ च्या आठव्या पायावर नऊ व्होल्ट, चौथ्यावर शून्य आणि पहिल्या व सातव्यावर साडेचारच्या आसपास व्होल्ट दिसले, तर काम बहुतांशी जमले असे समजावे. बाजारातील बहुतेक पेडलच्या ॲडॅप्टरमध्ये मधली पिन ऋण असते. उलट जोडणीपासून रक्षणासाठी वाटेत एक डायोड अवश्य घालावा. डबा धातूचाच घ्यावा आणि तो मंडलाच्या अर्थिंगशी जोडावा, म्हणजे घरातील विजेची घुरघुर आत शिरत नाही.

बॅटरीचाही हिशेब मांडावा. टीएल०७२ सुमारे तीन मिलिअँपिअर घेतो. निदर्शक एलईडीला एक किलोओहमचा रेझिस्टर लावला, तर तो दिवाच सात मिलिअँपिअर खातो, म्हणजे कामगारापेक्षा पाटीचा खर्च अधिक! तेथे ४.७ किलोओहम लावावा. दिवा दीड मिलिअँपिअरवर समाधान मानतो आणि बॅटरी दुपटीहून अधिक टिकते. आत येणाऱ्या बाजूला स्टिरिओ जॅक वापरून बॅटरीचे ऋण टोक त्यातून नेले, तर वायर काढताच पुरवठा बंद होतो.

एक मर्यादा

नऊ व्होल्टच्या बॅटरीवरील काम घरातील टेबलावर निर्धोक आहे. काळजी घ्यायची ती तापलेल्या इस्त्रीची आणि धुराची. खिडकी उघडी ठेवावी आणि शिसेयुक्त सोल्डर हाताळल्यावर, खाण्यापूर्वी हात धुवावेत. व्हॉल्व्हचे प्रिअँप मात्र निराळे प्रकरण आहे. त्यांत दोनशे-तीनशे व्होल्ट खेळत असतात आणि मुख्य वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये प्राणघातक भार उरू शकतो. मुलांच्या उत्साहाला या दारापाशी थांबविणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे. जाणकाराच्या देखरेखीवाचून ते दार उघडू नये.

मुलाने किंवा मुलीने अशी पेटी तयार केली, तर तिच्याकडून दोन हिशेब मागावेत. एक, रुपयांचा. दुसरा, डबा उघडून प्रत्येक भाग तेथे कशासाठी आहे आणि तो काढला तर खर्जाचे काय होईल, याचा. दुसरा हिशेब ज्याला बिनचूक देता आला, त्याला पुढच्या पेटीसाठी घरातून भांडवल मिळायला हरकत नसावी.