सापाचं विष आणि कोरडी ढास

गोळी रक्तदाबाची, पोटात जाते, काम करते रक्तवाहिन्यांवर. मग घसा का खवखवावा? एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल अशा ‘प्रिल’ घराण्यातल्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी साधारण 5 ते 20 टक्के लोकांना कोरडी ढास लागते. कफ नाही, ताप नाही, नुसत्या घशात गुदगुल्या. खोकून खोकून आवाजही बसतो. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, गुण शून्य. गोळीचा संशय येणार कसा? ढास कधी पहिल्याच दिवशी लागते, कधी काही महिन्यांनी!

याचं मूळ आहे ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या सापात. याच्या विषाने रक्तदाब धाडकन कोसळतो. 1949 साली मॉरिसिओ रोशा ए सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की हे विष आपल्याच रक्तातून ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ मोकळा करतं आणि तो रक्तवाहिन्या सैलावतो. ब्रॅडिकायनिन शरीरात क्षणात मोडून पडतं. पण 1965 साली सर्जिओ फरेरा यांना त्याच विषात ते मोडू न देणारा घटकही सापडला. काय हा साप! पदार्थ मोकळा करायचा आणि वर त्याला राखायचंही.

ब्रॅडिकायनिन मोडतं कोण? ‘एस’ नावाचं एन्झाइम. आणि रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन-दोन तयार करतं तेही हेच! गावात पाणी सोडणारा आणि कचरा उचलणारा माणूस एकच असावा, तसं. त्याला घरी बसवलं की दोन्ही कामं बंद. विषातल्या त्या घटकाचा माग काढत अमेरिकेत ओंडेटी आणि कुशमन यांनी कॅप्टोप्रिल घडवलं. 1981 साली त्याला तिथे मान्यता मिळाली. एस थंडावलं, रक्तदाब उतरला. पण न मोडलेलं ब्रॅडिकायनिन श्वासनलिकेत साचून खोकल्याच्या नसांना डिवचत राहतं, असं मानलं जातं.

याच वाटेने क्वचित ओठ, जीभ, घसा सुजतो. तेव्हा मात्र वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं.

ढासेवर उपाय साधा आहे, फक्त गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. डॉक्टर बहुधा लोसार्टन किंवा टेल्मिसार्टन देतात. या गोळ्या एसला हातही लावत नाहीत. अँजिओटेन्सिन जिथे जाऊन चिकटतं ती जागाच अडवतात. तरी जुनी ढास लगेच जात नाही. एक ते चार आठवडे लागतात, कुणाकुणाला तीन महिनेही.