सुट्टीतली रांग आणि नाश्त्याआधीची गोळी

वार्षिक परीक्षा संपल्या की आमच्या दवाखान्यात एक ठराविक पेशंट येऊ लागतो. त्याला काही झालेले नसते. तो आईचा किंवा वडिलांचा हात धरून येतो आणि विचारतो, "डॉक्टर, यांना सहलीला नेले तर चालेल ना?" मी ब्लडप्रेशर बघतो, छातीला नळी लावतो आणि म्हणतो, "न्या की! जपून न्या." हे 'जपून' म्हणजे नेमके काय, ते मी वर्षानुवर्षे सांगत नव्हतो. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मला ते कळले, म्हणून आजचा लेख.

पूर्वी सुट्टी म्हणजे मामाचे गाव. फार तर महाबळेश्वर, नाहीतर कोकणात देवदर्शन. १९८९ साली मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि आपल्याकडच्या मुलांना मोठ्या पाळण्यांचे वेड लागले. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका आले. गोराईचे ते पाळणे २०२२ मध्ये बंद झाले. पण आता ठिकठिकाणी लहानमोठी मनोरंजन उद्याने आणि वॉटरपार्क झाली आहेत. दिवाळी, नाताळचा आठवडा आणि मे महिना या दिवसांत तिथे पाळण्यात बसायला तीन मिनिटे आणि रांगेत तास-दीड तास असा हिशेब असतो. ही तऱ्हा आपल्याकडचीच असे मात्र नाही. अमेरिकेत १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले, त्या दिवशी बनावट तिकिटे घेऊन हजारो माणसे आत शिरली. ऊन इतके की नव्या डांबरात बायकांच्या टाचांचे बूट रुतत होते, आणि प्लंबरांच्या संपामुळे प्यायच्या पाण्याच्या तोट्या कोरड्या होत्या. ऊन, गर्दी आणि पाण्याची वानवा हे त्रिकूट तेव्हापासूनचे आहे.

आता आमची गोष्ट. आमच्या सोसायटीने ट्रॅव्हल्सची गाडी ठरवली होती. पहाटे चारला निघालो. शेजारचे आबा बरोबर होते. एस. टी. त कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, वय सहासष्ट, बारा वर्षांचा मधुमेह, आणि पेशंट माझेच. बरोबर त्यांची नऊ वर्षांची नात. आबांना मीच शिकवलेले, की ग्लिमेपिराईडची गोळी नाश्त्याआधी घ्यायची. आबा शिस्तीचे. सातच्या सुमारास गाडी एका हॉटेलपाशी थांबली, तशी त्यांनी खिशातून गोळी काढून घेतली. पण हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. कोणीतरी म्हणाले, इथे तास मोडेल, पुढेच खाऊ. 'चला चला' म्हणणाऱ्यांत मी होतो. आबांनी बिनसाखरेचा चहा घेतला, दोन बिस्किटे खाल्ली आणि गाडीत बसले.

पुढे वाहनांची रांग लागली, मग पार्किंगची, मग तिकिटांची. दारावर पिशव्या तपासल्या. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नव्हते, असा नियम बहुतेक उद्यानांत असतो. त्यामुळे थालीपिठांचे आणि दशम्यांचे डबे गाडीतच राहिले. आत शिरताच मुलांनी पहिल्या पाळण्याकडे धाव घेतली. आधी एक पाळणा, मग खाऊ, असे ठरले आणि त्या एका पाळण्याच्या रांगेत साडेबारा वाजले.

रांगेत आबा एका पोरावर खेकसले. हा माणूस तीस वर्षे गच्च भरलेल्या गाडीत तिकिटे फाडूनही कधी आवाज न चढवणारा. मला ते खटकले, पण मी मनात म्हटले, उकाडा आहे, कोणाचेही डोके फिरेल. ते घामाने निथळत होते. पण तिथे निथळत नव्हते कोण? थोड्या वेळाने रेलिंगखालून वाकून ती नात मागे माझ्याकडे आली आणि म्हणाली, "डॉक्टरकाका, आबा मला आत्याच्या नावानं हाक मारताहेत."

मी पुढे गेलो. हात थंडगार, बोटांना कापरे, जीभ जड. साखर उतरली होती. उन्हाने माणूस लालबुंद होतो, आबा पांढरे पडले होते. माझा ग्लुकोमीटर गाडीतल्या बॅगेत. पण अशा वेळी यंत्राची वाट बघायची नसते. गिळता येते आहे ना, एवढे पाहिले. शेजारच्या पोराच्या हातात थंड पेयाची बाटली होती, ती मागून घेतली आणि थोडे थोडे पाजले. दुसऱ्या कोणाकडे 'म्हातारीचे केस' होते. ती तर निव्वळ साखर, तीही भरवली. दहा-बारा मिनिटांनी आबा नातीकडे बघून तिच्या खऱ्या नावाने बोलले. प्रथमोपचाराच्या खोलीत सिस्टरने बोट टोचले, तेव्हा साखर पोटात जाऊनही आकडा ६१ होता. सत्तरच्या खाली आला की साखर कमी समजायची. त्याआधी किती होती कोण जाणे.

इथे बरेचजण एक चूक करतात. माणूस शुद्धीवर आला, बोलू लागला, की सगळे संपले असे मानतात. पण ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड या जातीच्या गोळ्यांचा अंमल दिवसभर टिकतो. गोड पेयाची साखर तासाभरात संपते आणि गोळी पुन्हा आपले काम सुरू करते. म्हणून साखरेपाठोपाठ भात, पोळी, पाव असे काहीतरी भरीव खायला द्यावे आणि पुढचे काही तास त्या माणसाला एकटे सोडू नये. आबांना मी तीन तास सावलीत बसवून ठेवले आणि दोनदा साखर तपासली. नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका फारच कमी. या जातीच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज ठेवलेच पाहिजे. औषध म्हणून सांगितले तर दारावर सहसा अडवत नाहीत. डॉक्टरची चिठ्ठी जवळ असली तर उत्तमच. तीन चमचे साखर द्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, फरक नसेल तर पुन्हा द्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी, सरबत काहीही ओतू नये, ते श्वासनळीत जाते. कुशीवर वळवून थेट इस्पितळ गाठावे.

आता उन्हाविषयी. कडक उन्हात तासाला लिटरभर घाम सहज जाऊ शकतो. तहान लागेपर्यंत थांबू नये, अर्ध्या-पाऊण तासाने घोट घोट पाणी पीत राहावे. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडते आहे असे समजावे. (हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांचे पाणी मोजून दिलेले आहे त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.) घरी सरबत करायचे तर एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त नको. हे माप चहाच्या चमच्याचे आहे.

आमच्या माताभगिनींना वेगळे सांगायचे आहे. स्वच्छतागृहाला रांग असते, आत घाण असेल, म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मुलींनाही तेच शिकवतात. मग सहलीनंतरच्या आठवड्यात दवाखान्यात लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे, थंडी वाजून ताप अशा तक्रारी घेऊन येतात. मी विचारतो, सहलीला गेला होतात का? उत्तर बहुधा 'हो' असेच येते. पाणी प्या आणि दर दोन-तीन तासांनी, रांग असली तरी, जाऊन या. एक पाळणा कमी झाला तर काही बिघडत नाही.

रांगेत ताटकळून भोवळ येते तिचे कारण साधे आहे. रक्त पायांत साचते आणि मेंदूला कमी पडते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलतात, उभे राहिल्यावर ते काम थांबते. म्हणून उभ्या उभ्या टाचा उचलाव्यात, पाय हलवत राहावे. कोणी पडलाच तर लोक त्याला चार बाजूंनी धरून उभा करतात आणि नाकाला कांदा लावतात. दोन्ही करू नका. आडवा झोपवा, पाय हातभर उंच करा, वारा येऊ द्या. मिनिटा-दोन मिनिटांत तो आपणहून डोळे उघडतो. तसे झाले नाही, किंवा अंग तव्यासारखे तापले आहे आणि तो असंबद्ध बोलतो आहे, तर तो उष्माघात समजावा. तिथे तापाच्या गोळीचा उपयोग नाही. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, काखेत नि जांघेत बर्फ ठेवावा आणि त्याच वेळी गाडी बोलवावी.

गर्दीच्या रेट्याचे आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीला अडीचशेहून अधिक माणसे गेली. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यावर तेवीस गेली. पायदळी तुडवल्यानेच माणसे मरतात असा समज आहे. खरे तर पुष्कळजण उभ्या उभ्याच छाती दाबली जाऊन गुदमरतात. उद्यानाचे दार उघडताना किंवा अचानक पाऊस आला म्हणून सगळे एका छपराकडे धावताना असा रेटा येऊ शकतो. शेजाऱ्याचा खांदा सगळीकडून लागू लागला की पाळण्याचा मोह सोडून कडेने बाहेर पडावे. अडकलात तर दोन्ही हात छातीपुढे घडी करून धरावेत, श्वासापुरती जागा राहते. रेट्याच्या विरुद्ध ढकलू नये. मूल कडेवर, उंच घ्यावे.

मुलांच्या मनगटावर बॉलपेनने आपला मोबाईल नंबर लिहावा आणि निघताना त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवावा. हरवल्यावर शर्टाचा रंग भल्याभल्यांना आठवत नाही. ज्याला जुलाब होत आहेत त्या मुलाला पाण्यात उतरवू नये, काही जंतू क्लोरीनलाही दाद देत नाहीत. गरोदर स्त्रिया, हृदयाचे रुग्ण, मणक्याचा किंवा फिट्सचा त्रास असलेले यांच्यासाठी पाळण्यापाशी पाटी असते. ती वाचावी आणि पाळावी. शक्य असेल तर मधल्या वारी जावे, दार उघडतानाच पोचावे आणि बारा ते चार सावलीत काढावेत.

सहलीनंतर आठवड्याने आबा दवाखान्यात आले. रागावलेले नव्हते. गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवून म्हणाले, "डॉक्टर, नाश्त्याआधी म्हणजे किती आधी, ते तुम्ही कधी बोलला नाहीत." मी त्यांची जुनी चिठ्ठी घेतली, 'नाश्त्याआधी' हे शब्द खोडले आणि वर लिहिले, 'ताट समोर आल्यावर.' आता मधुमेहाच्या प्रत्येक चिठ्ठीवर मी तेच लिहितो. दिवाळीत सोसायटीची पुन्हा सहल निघाली तेव्हा आबांनी दोन सीट सांगितल्या, आणि नातीच्या पर्समध्ये साखरेच्या चार पुड्या होत्या. त्या तिने स्वतः बांधल्या होत्या.