खाऱ्या समुद्रातला गोड किल्ला
‘बीच, मासे, स्कूबा’ एवढाच मालवणचा वीकेण्ड प्लॅन असेल, तर जरा थांबा! धक्क्यावरून होडी पकडा (पावसाळ्यात बंद हं!) आणि सिंधुदुर्ग गाठा. सिद्दीचा जंजिरा काही केल्या हाती येईना, तेव्हा शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर स्वतःचाच जलदुर्ग बांधायला घेतला. पायाच्या चिऱ्यांत शिसं ओतलं. दरवाजा असा लपवलाय, की होडी जवळ जाईपर्यंत मला दिसलाच नाही. पण मी खरी थक्क झाले ती दूधबाव, दहीबाव, साखरबाव पाहून. चहूकडे खारा समुद्र आणि विहिरींत गोडं पाणी! वेढा पडला तर शिबंदी जगणार ती याच पाण्यावर. २०२५ मध्ये किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आपण निदान रिकाम्या बाटल्या तरी परत आणूया ना?